दगडावर ‘अक्का’ लिवलंय

माझ्या अप्पाचं लगीनच झालं न्हवतं असं सरकारी कागदावर लिवलंय. म्हंजी मी जलमलेच न्हाई. हे मला तालुक्याच्या कचेरीत खिडकीपाशी पोरगी कडेवर घिऊन उभं राहिल्यावर कळालं, आन् तवाबी लगेच कळालं न्हाई, कारण कागूद कन्नडमधी व्हता. मला कन्नड बोलता येतंय, वाचता येत न्हाई. आमच्या गावात मराठी शाळा हाय, तितं मी पाचवीपत्तर शिकले, पुढं घरी बसवलं.

मी गेलते रेशन कार्डासाठी. नवरा पुण्याला सेंट्रिंगच्या कामाला गेला तो तिकडंच राहिला, दुसरं घर केलं म्हणतेत, म्या बघाया गेले न्हाई. पाच महिन्याची पोरगी घिऊन माहेरी आले. अप्पा मी ल्हान असतानाच गेलेले. माय व्हती, तीबी दोन वर्साखाली गेली. राहिली अप्पाची एक खोली, रस्त्याच्या अंगाला, आन् बाकीच्या घरात काका, काकी, त्यांची लेकरं. त्या खोलीशिवाय मला ह्या दुनियेत पाय टेकायला जागा न्हाई, हे आधीच सांगून ठिवते, कारण पुढचं सगळं त्याच खोलीपायी झालंय.

खिडकीतल्या बाईनं सांगितलं, वेगळं कार्ड पायजे तर वंशवृक्ष लागतोय. म्हंजी घराण्याचा कागूद, आजा कोण, त्याची लेकरं कोण, त्यांची लेकरं कोण, झाडाच्या फांद्यावानी काढलेलं असतंय. मी म्हणलं काढून द्या. तिनं कंप्यूटरात बघितलं आन् म्हणली,

“तुमच्या घराचा निघालाय की सा महिन्याखाली. तुमच्या काकानं काढलाय.”

“मग त्यात माझं नाव आसंलच की.”

तिनं वरनं खाली बघितलं, परत खालनं वर बघितलं. “न्हाई हो. तुमचं न्हाई.”

मला वाटलं चुकून राहिलं आसंल. तिनं एक प्रत काढून दिली, ती घिऊन भाईर आले. कचेरीच्या भाईर लिंबाखाली एक म्हातारे मुन्शी बसतेत, पाटाएवढं टेबल, त्याच्यावर अर्जाचे कागूद, शिक्क्याची डबी. त्यांना उर्दू येतंय, कन्नड येतंय, मराठी लिवतेत, आन् बोलतेत आपल्या हिकडची मुसलमानी. सगळे त्यांना चाचा म्हणतेत.

चाचांनी कागूद डोळ्यापाशी धरला. “बैठो बेटी, बच्ची को दूध पिलाओ, रोतीच है वो.” मग वाचाया लागले. “ये तुमारा दादा. इनको तीन औलाद. बडी बेटी, अक्का. शादी नइं हुई, फौत हो गई. उसके बाद बेटा, उसकी बी शादी नइं, वो बी फौत. उसके बाद छोटा बेटा, उसकी बीवी, उसके दो लडके.” मग थांबले. “तुम कौन है इसमें?”

बडी बेटी अक्का. ती माझी माय हो.

मी तसंच म्हणलं चाचांना, ती माझी माय हाय, आजाची लेक न्हाई, सून हाय. चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सून? मगर नाव के आगे अक्का लिखे ना.”

आता हे सांगावं लागंल. अप्पा थोरले, काका लई ल्हाने. माय लगीन हून आली तवा काका चड्डीत फिरायचे, नाकाला शेंबूड. आजीनं त्यांना सांगितलं, हिला वैनी म्हणू नगंस, अक्का म्हण, शेजारच्या कन्नड घरात म्हणतेत तसं. वैनी म्हणलं की परकी वाटती म्हणं. मग काका अक्का म्हणाया लागले, त्यांचं ऐकून गल्ली अक्का म्हणाया लागली, दुकानदार, विहारातल्या बाया, दूधवाला, सगळे. मी जलमले तर मीबी तेच ऐकलं. मी माझ्या मायला कधी माय म्हणून हाक मारली न्हाई, अक्काच म्हणलं. आन् कन्नडमधी अक्का म्हंजी थोरली बहीण. ते आमाला सगळ्यांनाच म्हायती हाय, पर घरातल्या हाकेचा कुणी अर्थ काढतंय का?

चाचांनी कागूद उलटा केला, मागं जोडलेलं बघितलं. पाच पंचाच्या सह्या. माझ्याच गल्लीतली पाच माणसं. आन् एक फोटू, काळा पांढरा, झेरॉक्स काढल्यावानी. “ये क्या, कबर का पत्थर है क्या?”

मी फोटू वळखला. माझ्या मायचाच दगड.

आमच्यात पुरतेत. वढ्याच्या काठाला आमच्या लोकांची जागा हाय. अक्का गेली तवा काकानं स्वता मन्नाएखेळ्ळीला जाऊन, हायवेच्या बाजूला दगडवाले बसतेत त्यांच्याकडनं, शाबादी फरशी घडवून आणली, वर चक्र काढलेलं, खाली अक्षरं. आमच्या गल्लीत बाईला दगड कुणी बसवत न्हाई सहसा, बसवला तर नवऱ्याच्या बाजूला. काकानं बसवला. मी तवा म्हणलेबी, काका, मराठीत कामून न्हाई लिवलं? ते म्हणले, “पुढं मराठी वाचणारं कोण राहणार हाय ग हितं.” मला ते पटलं. त्यांनीच वाचून दावलं बोट फिरवून, नम्म अक्का, आमची अक्का. मी त्यांच्या पायावर डोकं ठिवून रडले बगा. वाटलं, अप्पाला दगड न्हाई, मायला हाय, आन् त्याच्यावर मी जी हाक मारायची तीच हाक कोरलीय.

त्या दिवशी कचेरीतनं घरी गेले न्हाई, मोटारीतनं उतरून सरळ वढ्याला गेले. ऊन कडक, पोरगी खांद्यावर निजलेली. म्या सगळे दगड बघितले. पुरुषांच्या दगडावर त्यांचं नाव, बापाचं नाव. बायांचे सातच दगड हायत सगळ्या जाग्यात. वाचता येत न्हाई तरी बघता येतंय ना, कन्नडमधल्या बाकी सगळ्या दगडावर दोन-तीन वळी हायत, आन् मराठीतले तीन म्या वाचले, अमुक ह्यांची पत्नी, तमुक ह्यांची धर्मपत्नी. फरशीचे पापुद्रे निघालेत, कुटं अक्षर गेलंय, पर ‘ह्यांची’ हाय तिन्हीवर. माझ्या मायच्या दगडावर एकच वळ. कुणाचीच न्हाई ती. नुसती अक्का. आन् अप्पाला दगडच न्हाई की त्याच्यावर कुणी बायकूचं नाव शोधावं.

तितं बसून म्या एकच इचार केला, आन् आजबी तोच करायलेय. दगड बसवला तवाच काकाच्या मनात व्हतं का? का तवा खरंच मायेनं बसवला, आन् मागनं कुणीतरी सुचवलं, फोटू लाव म्हणून? तवा मनात आसंल तर मी ज्या पायावर डोकं ठिवलं ते पाय कसले व्हते. आन् नसंल तर मग माया करणारा माणूस असा कसा बदलतोय. दोन्हीतलं कुटलं बरं, मला ठरवता येत न्हाई.

सांजच्याला घरी आले. काका दाराशी बसून शेंगा फोडायलेते.

“कुटं गेल्तीस उन्हातान्हाचं? पोरीचं तोंड बग कसं झालंय.”

म्या उभ्यानंच इचारलं, “काका, माझी माय तुमची कोण?”

“कोण म्हंजी? अक्का.”

“अक्का म्हंजी कोण?”

त्यांनी हातातली शेंग फोडली न्हाई. कळालं त्यांना. पर आवाज चढिवला न्हाई, हसलेच उलट. “अगं येडी हैस का? जलमभर तिला म्या काय म्हणलं? अक्काच म्हणलं न्हवं? तिच्या हातच्या भाकरी खाऊन मोठा झालाव. कचेरीतल्यानं इचारलं, दगडावर कोण हाय, म्या सांगितलं नम्म अक्का. ह्यात खोटं काय बोललो सांग.”

“आन् मी कोण मग?”

आतनं काकी बोलली, “आता कागूद बघाया शिकली व्हय बाई! नवरा सांभाळता आला न्हाई, कचेऱ्या सांभाळाया निघाली.”

काकानं तिला गप केलं. मला म्हणले, “कागदावर कुणाचंबी नाव आसू दे, तुला कोण हाकलायलंय? राहा की. मी मेलाव का?”

खरं सांगते, त्या ‘राहा की’नं मी अर्धी विरघळले. वाटलं गप बसावं. भांडून जाणार कुटं, अंगावरचं लेकरू, हातात एक रुपायाची कमाई न्हाई, भाऊ न्हाई. अक्काचं मतदानाचं कार्ड, आधार, जुनं रेशन कार्ड, ज्याच्यावर अप्पाची बायकू म्हणून तिचं नाव व्हतं, सगळं काका घिऊन गेलते ती गेल्यावर, “नावं कमी करायला लागतेत, माझ्याकडं सांभाळून राहतील,” म्हणून. म्याच ट्रंकेतनं काढून दिलते. पिशवीत घालून दिलते, पावसानं भिजू नयेत म्हणून.

पंचांकडं गेले. दोघांनी दारच उघडलं न्हाई. तिसरा म्हणला, “पोरी, आमाला इचारलं ही अक्काच न्हवं? आमी म्हणलो व्हय, अक्काच. सगळी गल्ली म्हणती. सही केली. खाली काय लिवलंय कुणाला म्हायती?” तो खोटं बोलत न्हवता. पाची जणांनी खरं सांगूनच माझी माय पुसून टाकली.

चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी काका एका माणसाला घिऊन माझ्या खोलीत आले. मी चुलीपाशी. त्या माणसानं टेप काढला, भिंत मापली, रस्त्याकडंचं दार मापलं. मला बाजूला सर म्हणलाबी न्हाई, माझ्यावरनंच टेप नेला. काकाला म्हणला, “नऊ फुटाचं शटर आरामात बसतंय की अण्णा.”

काकानं माझ्याकडं बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मोटारीनं मी चाचांपाशी. पळत गेले स्टँडवरनं, पोरगी हिसक्यानं रडायली. चाचा अजून टेबल पुसायलेते. म्या सगळं एका दमात सांगितलं, शटर, टेप, पंच, ट्रंक. चाचा म्हणले, “साँस तो ले बेटी. कागज दिखाओ, कागज. कायका बी कागज, जिसमें तुमारे बाप का नाव और तुमारा.”

“आधारवर नवऱ्याचं नाव हाय. जलम घरी झाला, दाखला न्हाई.”

“स्कूल को गए थे?”

“पाचवी.”

“अरे तो फिर!” त्यांनी टेबलावर थाप मारली, शिक्क्याची डबी उडली. “जाओ, स्कूल का रजिस्टर निकालो. रोती कायको है?”

मला शाळेत जायची लाज वाटायलेली, दहा-बारा वर्सांनी. बाई नव्या व्हत्या, पर चांगल्या. कपाटातनं जाडजूड रजिस्टर काढलं, पानं तांबडी पडलेली, कोपरे वाळवीनं खाल्लेले. माझं वर्स काढलं. पोरांची नावं एकाखाली एक. मग माझं. बापाचं नाव, अप्पाचं, सरळ लिवलेलं. आईचं नाव लिवायची तवा चाल न्हवती, रकानाच न्हाई. मला वाटलं, अप्पाचं नाव हाय पर माय न्हाई, आता ते म्हणतील बापाच्या नावाची दुसरी कुणी.

बाई म्हणल्या, “थांबा. हे बघा, शेवटचा रकाना.”

शेवटचा रकाना पालकाचा. दाखल कुणी केलं, सही, आन् विद्यार्थ्याशी नातं. अप्पा तवा आजारी, अंथरुणाला. मला शाळेत काकानं नेलं व्हतं, खांद्यावर बसवून, मला आठवतंय, वरनं सगळ्या गल्लीतल्या घरांचे पत्रे दिसायले व्हते. काकाची सही. आन् त्याच्या पुढं काकाच्याच अक्षरात, मराठीत, काना मात्रा ठळक करून: पुतणी.

म्या ते अक्षर हातानं चाचपलं. बाई म्हणल्या, “पान फाटंल, हळू.” भाचीबी न्हाई, लेकबी न्हाई, पुतणी. भावाची लेक. त्या दिवशी काकाला कुणी कागूद वाचायला सांगितला न्हवता, फसवायचंबी काई कारण न्हवतं, मनात आलं ते लिवलं.

मी रडले तितं. जिंकल्यावानी न्हाई रडले. इतका सरळ हात व्हता हो तो.

शिक्का मारलेली नक्कल घिऊन चाचांकडं. ते वाचून इतके खुश झाले की चहा सांगितला. “अक्का के दो माने निकाले तेरे काका ने. पुतनी का एकीच माना होता बेटी, एकीच.” हरकतीचा अर्ज लिवला. सही करायच्या आधी मला वाचून दावला. काकाच्या नावापुढं ‘यांनी खोटी माहिती दिली’ असं व्हतं. म्या म्हणलं, खोटी कामून, चुकीची लिवा. चाचांनी मान हालवली. “चुकीची लिखूँगा तो चूक समज के छोड देते. खोटी.” सही केली.

पंधरा-वीस दिवसांनी चावडीत बोलावलं. तलाठी नवा, गुलबर्ग्याकडचा, तरणा, मराठी त्याला येत न्हाई, म्हणूनच अक्का म्हणलं तर त्यानं अक्काच लिवलं, त्याला काय म्हायती. मी एका बाजूला, पोरगी मांडीवर. काका एका बाजूला, धुवट शर्ट, खिशात पेन. जयंतीला माईकवर बोलतेत तवा घालतेत तोच शर्ट. बाया-माणसाचा हक्क ह्याच्यावरच बोलतेत ते दरवर्षी, लई चांगलं बोलतेत.

तलाठ्यानं नक्कल बघितली, उलटी सुलटी केली. कन्नडमधी काकाला म्हणला, “हे मराठी हाय. सही तुमचीच का?”

“व्हय.”

“मग पुढं काय लिवलंय, तुमीच सांगा.”

काकानं खिशातलं पेन काढलं, परत ठिवलं. चावडीत पंधरा-वीस माणसं. पंचबी आलते. तलाठी परत म्हणला, ह्या शब्दाचं कन्नडमधी काय व्हतंय तेवढं सांगा, म्हंजी मी लिवतो. मला वाटलं, आता म्हणतेत अक्कन मगळु, बहिणीची लेक. म्हणले असते तर तलाठ्यानं तेच लिवलं असतं, आन् मी कुटं ओरडले असते? पोरीला इतकं आवळून धरलं की ती कळवळली.

काकानं माझ्याकडं न्हाई, रजिस्टरच्या नकलेकडं बघितलं. मग हळूच म्हणले,

“अण्णन मगळु.”

भावाची लेक. तलाठ्यानं लिवून घेतलं. इचारलं, मग ती जी अक्का, ती कोण? काका म्हणले, अण्णाची बायकू. उठले, चपला घातल्या आन् गेले.

लोकं म्हणतेत, शेवटी खरं बोलला की, माणूस वाईट न्हाई. काकीला वाटतंय म्या त्यांना भरल्या चावडीत नागडं केलं. मला काय वाटतंय ते मला नीट सांगता येत न्हाई. पंधरा माणसात खरं बोलायची ताकद व्हती, तर सा महिन्याखाली एकट्या कचेरीत कामून न्हवती. मी त्यांना अजून इचारलं न्हाई. आता इचारताबी येणार न्हाई, दोन घराच्या मधलं दार त्यांनी दुसऱ्याच दिवशी इटा लावून बंद केलं. मी ह्या बाजूला चूल पेटवत व्हते, आवाज ऐकू यायलता, थापी, परत थापी. नळ त्यांच्या बाजूला राहिला. मी आता हापशावरनं पाणी आणते. खोली माझ्या नावावर व्हतीय, रस्त्याकडंचं दार मला राहिलंय, शटर बसलं न्हाई.

नवा वंशवृक्ष मागच्या सोमवारी मिळाला. कन्नडमधीच. चाचांनी वाचून दावला, आजा, अप्पा, अप्पाची पत्नी, त्यांची लेक. म्या व्हय व्हय केलं. काकानंबी दगड असाच बोट फिरवून वाचून दावला व्हता. भाईर आले. मग स्टँडवर चहाच्या गाड्यावरल्या बाईला म्हणलं, अक्का, जरा हे वाचून सांगताव का, मला वाचता येत न्हाई. काय हाय त्यात ते सांगितलं न्हाई मुद्दाम. तिनं पिठाचे हात पुसून वाचलं, तेच निघालं. मोटारीत बाजूला कॉलेजातली पोरगी बसलेली, तिलाबी दिला. तिनंबी तेच वाचलं, आन् मला म्हणली, “मावशी, शेवटी हाय ते तुमचंच नाव न्हवं? मग खुश दिसत न्हाईत?”

कागूद घडी करून ब्लाउजात ठिवला. वाटेतलं हळ्ळीखेड यायच्या आधी परत काढला. पुढच्या सीटवर एक मास्तर बसलेले दिसले, वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला, आन् म्हणलं, सर, एवढं वाचता का?